जगदीशचंद्र बोस : स्वतःचं हार्डवेअर स्वतः बनवणारे प्राध्यापक

होस्टेलच्या वायफायला शिव्या न घातलेला प्राणी आपल्याकडे शोधून सापडणार नाही. पण त्या वायफायच्या आत हात घालायचा कुणी प्रयत्न केलाय? यंदा मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी तो केला. बाजारातली वायफाय चिप म्हणजे कुलूपबंद पेटी, आतलं काहीच बदलता येत नाही. पॅकेट मिळाल्यावर १० किंवा १६ मायक्रोसेकंदांत पोचपावती सुटावी लागते आणि लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरला ते जमत नाही. म्हणून हा भाग एफपीजीएवर उतरवायचा. ओपनवायफाय हे असंच सगळ्यांना खुलं असलेलं डिझाईन आहे. हवं ते बदला, बिघडवा, पुन्हा बर्न करा! त्यासाठी वाचताना ६० गिगाहर्ट्झच्या वायफायपाशी आले, आणि तिथून थेट १८९५ च्या कलकत्त्यात पोचले.

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, पूर्व बंगालमधला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी, तरी मुलाला त्यांनी आधी बंगाली शाळेत घातलं. इंग्रजीआधी आपली भाषा यायला हवी, असं त्यांचं मत. (मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे हे वाचून थोडी ओशाळले. या लेखाचं शुद्धलेखनही रूममेटने तपासलंय.) पुढे सेंट झेवियर्समध्ये फादर लाफाँ यांनी फिजिक्सची गोडी लावली, केंब्रिजला लॉर्ड रॅले शिकवायला होते.

१८८५ मध्ये बोस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार मात्र युरोपियन प्राध्यापकांपेक्षा कमी, कारण काय तर हे हिंदी! बोसांनी भांडण केलं नाही, राजीनामाही दिला नाही. तीन वर्षं रोज शिकवलं आणि पगार घेतलाच नाही. घरी वडिलांवर कर्ज होतं, मधेच लग्नही झालं. शेवटी सरकार नमलं आणि मागची सगळी थकबाकी मिळाली. मला हा भाग त्यांच्या शोधांइतकाच मोठा वाटतो.

लॅब म्हणाल तर तीही नव्हती. एक एवढीशी खोली आणि पत्र्याचं काम करणारा एक कारागीर, बस्स. हर्ट्झच्या प्रयोगांतल्या लहरी बऱ्याच लांब होत्या. त्यांना लेन्स किंवा प्रिझम लावायचं तर ते भलंमोठं लागतं. बोसांनी लहरच लहान केली, सुमारे ५ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे साधारण ६० गिगाहर्ट्झ! मग सगळं टेबलावर मावायला लागलं. विकत मिळण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून ट्रान्समीटर, वेव्हगाईड, हॉर्न अँटेना, डिटेक्टर सगळं घरचंच. पोलरायझरसाठी तर ब्रॅडशॉचं रेल्वे टाईमटेबल घेतलं आणि पानापानांत टिनफॉइल घातलं. तागाची पिळलेली जुडी ठेवून पोलरायझेशनची दिशा कशी फिरते तेही पाहिलं. आपण व्हायव्हात नुसती व्याख्या सांगतो!

१८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी वायरशिवाय घंटा वाजवून दाखवली, बंदुकीची दारूही उडवली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान झालं, तिथे त्यांनी आपली उपकरणं मांडून दाखवली, काही लपवलं नाही.

आता मार्कोनी. त्याने बोसांचा शोध चोरला, असा फॉरवर्ड सगळ्यांनीच वाचलाय. एवढं सोपं नाही ते. मार्कोनीला लांबवर संदेश पाठवायचे होते, बोसांना लहरीचे गुणधर्म हवे होते. पण पाऱ्याच्या डिटेक्टरबद्दल बोसांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे लिहिलं होतं, आणि १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडचा सिग्नल पकडताना मार्कोनीकडे तसाच डिटेक्टर होता. श्रेय बोसांना मिळालं नाही, हे खरं.

त्याच वर्षी एका टेलिग्राफ कंपनीचा मालक पैसे घेऊन पेटंटसाठी त्यांच्या मागे लागला. बोस नाही म्हणाले. मैत्रीण सारा बुल यांच्या आग्रहामुळे गॅलेना डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये निघालं, तेही त्यांनी पुढे सोडून दिलं. इथे मला प्रामाणिकपणे वाटतं की घ्यायला हवं होतं. स्वतःची संस्था, बोस इन्स्टिट्यूट, उभी राहायला १९१७ साल उजाडलं. त्या पैशात ती कदाचित आधी झाली असती. पण रूममेट म्हणते, पेटंटवाला माणूस टाईमटेबलचा पोलरायझर सगळ्यांना उघडून दाखवत बसला नसता. आमचं यावर अजून जमलेलं नाही.

तोवर ते स्वतः झाडांकडे वळले होते. रोपाची सूक्ष्म वाढ मोजणारा क्रेस्कोग्राफही स्वतःच बनवला. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह इथे ते वारले. २०१२ मध्ये आयईईईने त्यांच्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना माईलस्टोनचा मान दिला.

आमच्या बोर्डवरची रेडिओ चिप ६ गिगाहर्ट्झपर्यंतच जाते, बोसांच्या दहावा हिस्सा. सध्या आमचं नेटवर्क मोबाईलच्या यादीत दिसतं, जोडायला गेलं की गायब होतं. बहुतेक पोचपावतीच उशिरा सुटतेय. कुणाला व्हेरिलॉग चांगलं येत असेल तर जेवणानंतर लॅबमध्ये या, चहा आमच्याकडून!