‘मायनर’ शब्दाचे दोन अर्थ : राजा सर टी. माधवराव

इंग्रजी शब्दाचा एकच अर्थ पाठ करून भागत नाही. ‘मायनर’ हा शब्द घ्या. खेळताना खरचटले की डॉक्टर ‘मायनर’ म्हणतात, म्हणजे किरकोळ. बँकेच्या फॉर्मवर आमच्या नावापुढे ‘मायनर’ लिहितात, ते मात्र आम्ही किरकोळ आहोत म्हणून नव्हे. तिथे त्याचा अर्थ अठरा वर्षे पूर्ण न झालेला असा असतो. या दोन्ही अर्थांना शोभेल असे नाव एका पुस्तकाला मिळाले आहे. ‘मायनर हिंट्स’ हे ते पुस्तक, आणि ते एका मराठी माणसाचे आहे. त्याचे शिक्षण मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला झाले. त्याचे नाव राजा सर टी. माधवराव.

माधवरावांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथे झाला. नावातला ‘टी’ तंजावरचा. व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापन केले, त्यानंतर अनेक मराठी घराणी तिकडे स्थायिक झाली. माधवरावांचे घराणे त्यांपैकीच. त्यांचे वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव हे दोघेही त्रावणकोर संस्थानचे दिवाण होते. घरात मराठी, बाहेर तमिळ आणि शाळेत इंग्रजी अशा वातावरणात ते वाढले.

मद्रासच्या सरकारी हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले. मरीना किनाऱ्यासमोरचे प्रेसिडेन्सी कॉलेज याच शाळेतून पुढे उभे राहिले. तेथील मुख्याध्यापक पॉवेल हे गणिताचे आणि खगोलशास्त्राचे जाणकार होते. माधवराव त्यांचे आवडते विद्यार्थी. बांबूच्या नळीत बाजारातून आणलेली भिंगे बसवून माधवरावांनी दुर्बीण तयार केली होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८४६ साली त्यांनी तिथली परीक्षा उत्तम रीतीने पार केली. गणिताइतकेच त्यांचे इंग्रजीही पक्के झाले. पुढे त्यांचे सरकारी अहवाल आणि पत्रे इंग्रज अधिकारी आदराने वाचत. परक्या भाषेत नेमका शब्द वापरता येणे हे त्या काळी मोठे सामर्थ्य होते. ज्याला कराराचा आणि हुकमाचा अर्थ बरोबर लावता येई, तोच संस्थानाचे हित सांभाळू शके.

मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काही काळ काम केल्यावर १८४९ मध्ये त्यांना त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक नेमण्यात आले. म्हणजे ‘मायनर’ विद्यार्थ्यांशी त्यांचा संबंध तेव्हापासूनचा. पुढे तिशीच्या आसपास ते त्याच संस्थानचे दिवाण झाले. तेव्हा त्रावणकोर कर्जात होते. त्यांनी मिरीचा सरकारी मक्ता बंद केला, जाचक कर कमी केले, रस्ते व कालवे यांची कामे हाती घेतली आणि कर्ज फेडले. १८६६ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १८७२ मध्ये त्यांनी त्रावणकोर सोडले आणि त्यानंतर इंदूरला होळकरांचे दिवाणपद सांभाळले. तिरुवनंतपुरम येथे त्यांचा पुतळा आहे. तो चौक ‘स्टॅच्यू’ याच नावाने ओळखला जातो.

त्यांच्या आयुष्यातले सर्वांत कठीण काम बडोद्याला होते. १८७५ साली इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढले. संस्थानची घडी विसकटलेली होती. जमनाबाईसाहेबांनी नाशिकजवळच्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला. तेच सयाजीराव. शेतकरी घरातल्या या मुलाला तोपर्यंत लिहिता-वाचता येत नव्हते. राजा ‘मायनर’ असल्यामुळे कारभार माधवरावांच्या हाती आला. १८७७ च्या दिल्ली दरबारात त्यांना ‘राजा’ हा किताबही मिळाला.

सयाजीरावांना मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या भाषा शिकाव्या लागल्या. एलियट नावाचे इंग्रज शिक्षक त्यांना शिकवत. १८८१ साली अधिकार हाती येण्याची वेळ जवळ आली, तेव्हा माधवरावांनी त्यांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती इंग्रजीत होती. राज्य ही राजाची खासगी मालमत्ता नाही, न्यायाच्या कामात ढवळाढवळ करू नये, माणसे पारखून नेमावीत, आश्वासन देण्याआधी विचार करावा, तब्येत आणि वेळ सांभाळावी, अशा गोष्टी त्यांनी सोप्या शब्दांत समजावून सांगितल्या. हीच व्याख्याने ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. छोट्या सूचना म्हणा, किंवा अज्ञान राजासाठीच्या सूचना म्हणा. दोन्ही अर्थ बरोबर बसतात.

‘हिंट’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. आम्हा कॅडेट्सना ‘ऑर्डर’ हा शब्द चांगला परिचयाचा आहे. ऑर्डर मिळाली की ती पाळायची. हिंट मात्र ऐकून स्वतः विचार करायचा असतो. सगळा कारभार हातात असलेल्या माधवरावांनी अठरा वर्षांच्या मुलाला हुकूम सोडले नाहीत, हिंट्स दिल्या. कारण थोड्याच दिवसांनी निर्णय त्यालाच घ्यायचे होते.

आपल्या मराठीतही इथे एक गंमत आहे. कायद्याच्या मराठीत ‘मायनर’ला ‘अज्ञान’ म्हणतात आणि वयात आलेल्याला ‘सज्ञान’. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी सातबाऱ्यावर ‘अज्ञान पालनकर्ता’ हे शब्द पाहिले असतील. इंग्रजी शब्द फक्त वय सांगतो. मराठी शब्द ज्ञानाचीही आठवण करून देतो. अठरावा वाढदिवस आपोआप येतो, ज्ञान आपोआप येत नाही. माधवरावांनी बडोद्यात सहा वर्षे हेच काम केले.

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांच्या हाती राज्यकारभार आला. त्यानंतर गुरू-शिष्यांचे सगळे सुरळीत चालले असे मात्र नाही. तरुण महाराजांना स्वतःच्या पद्धतीने कारभार करायचा होता. मतभेद झाले आणि १८८२ मध्ये माधवरावांनी राजीनामा दिला. काहींना यात माधवरावांचा पराभव दिसेल. मला तसे वाटत नाही. शिष्य स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेऊ लागला, याचाच अर्थ तो सज्ञान झाला. याच सयाजीरावांनी १९०६ साली आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पुढे डॉ. आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्तीही त्यांनीच दिली.

माधवराव मद्रासला परतले. १८८७ साली काँग्रेसचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले, तेव्हा ते स्वागत समितीचे अध्यक्ष होते. ४ एप्रिल १८९१ रोजी मद्रासलाच त्यांचे निधन झाले.

आम्हा बहुतेक कॅडेट्सना ‘मेजर’ व्हायचे आहे, खांद्यावरच्या मेजरच्या अर्थानेही. त्याआधी प्रत्येक फॉर्मवर आणखी दोन-तीन वर्षे ‘मायनर’ लिहावे लागणार आणि खाली पालकांची सही घ्यावी लागणार. ही वर्षे किरकोळ नाहीत. कवळाण्याच्या मुलाला सहा वर्षे मिळाली होती. आमच्याकडे आता तेवढीही उरलेली नाहीत.