तंजावरचे राजे आणि डोळ्याचा पडदा

मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, पट्टी निघाली, भिंतीवरचे कॅलेंडर वाचता आले. आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा मधोमध धुरकट. सिंदेवाहीकडे नेमकी रोवणीची घाई असली की तपासणीची तारीख हुकते आणि डोळा गेला, असे घरचे धरून चालतात. तो बहुधा गेलेला नसतो. पण आधी एका मराठी राजाविषयी.

दुसरे सरफोजीराजे भोसले यांचा जन्म 1777चा. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरला जी गादी स्थापली, तिच्यावरच्या तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतले. तुळजाजींनंतर गादी अमरसिंहांकडे गेली. पोरक्या सरफोजींना श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने सांभाळले, मद्रासला शिकवले. 1798 मध्ये गादी मिळाली खरी, पण पुढच्याच वर्षीच्या कराराने कंपनीने राज्यकारभार काढून घेतला. हाती उरला किल्ला, आसपासचा थोडा मुलूख आणि तनखा.

दुसरा कोणी असता तर शिकारीत रमला असता. यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, देवनागरी छापखाना काढला, 1806 मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. आणि धन्वंतरी महाल चालवला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक शेजारी शेजारी नांदत होते. डोळ्यांचे रोगी विशेष येत. मॅकबीन नावाचे डॉक्टर तिथे होते. राजे स्वतःही शस्त्रक्रिया करीत, असे सांगतात. त्याहून मोलाच्या मला 1827च्या सुमारासच्या नोंदी वाटतात. रोगी कोण, डोळ्याची अवस्था काय, इलाज कोणता, हे लिहिलेले आणि सोबत रंगवलेली डोळ्यांची चित्रे. हे कागद सरस्वती महालात जपलेले आहेत.

मात्र चित्रात दिसतो तो डोळ्याचा पुढचा भाग. मागचा पडदा जिवंत माणसात बघायची सोयच नव्हती. राजे 1832 मध्ये वारले. हेल्महोल्ट्झने पडदा दाखवणारे यंत्र बनवले 1851 मध्ये. ऑपरेशननंतर पुन्हा अंधुक होण्याचे वर्णन अमेरिकेतील अर्व्हिन यांनी 1953 मध्ये केले. 1966 मध्ये गास आणि नॉर्टन यांनी शिरेत रंगद्रव्य टोचून फोटो काढले, तेव्हा पडद्याच्या मध्यभागी बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून सूज आलेली दिसली. आज ओसीटी तपासणीत ती काही मिनिटांत, सुई न टोचता कळते.

ही सूज बहुधा चार ते सहा आठवड्यांनी जाणवते. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, म्हणूनच दुर्लक्ष होते. (दुखून, लाल होऊन नजर कमी झाली तर तो जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.) बऱ्याच जणांची सूज केटोरोलॅक किंवा नेपाफेनॅकसारखे थेंब आणि स्टिरॉइडचे थेंब काही आठवडे घातल्यावर उतरते. हटून बसली तर डोळ्यात किंवा डोळ्यालगत इंजेक्शन देतात. स्टिरॉइड मनाने चालू ठेवू नये, त्याने डोळ्याचा दाब वाढतो.

मधुमेह असलेल्यांना, पूर्वी डोळ्याच्या आत दाह झालेल्यांना किंवा ऑपरेशन गुंतागुंतीचे झालेल्यांना धोका जास्त. त्यांच्यासाठी साखर आधीच आटोक्यात आणतात, पडदा तपासतात आणि दाहविरोधी थेंब ऑपरेशनच्या आधीपासून सुरू करून नंतरही काही आठवडे चालू ठेवतात. काचबिंदूच्या काही थेंबांनीही ही सूज येऊ शकते, तेव्हा चालू औषधांची चिठ्ठी ऑपरेशनला जाताना सोबत न्यावी.