विश्वेश्वरय्या आणि नीरेचे पाणी

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील पुरंदर, बारामती आणि इंदापूर हा मुलूख पूर्वीपासून अवर्षणाचा. आकाशात ढग दाटून येत आणि वाऱ्याबरोबर निघून जात. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात येथील माणसांचे व गुराढोरांचे अतोनात हाल झाले. त्यानंतर सरकारने नीरा नदीचा डावा कालवा काढला आणि १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले. कोरड्या शिवारात पाट खेळू लागले, तेव्हा आपले दैन्य आता संपले, असे लोकांना वाटले. परंतु पाणी आणणे जितके अवघड, तितकेच ते सर्वांना पुरेल असे वाटणेही अवघड असते. हे दुसरे काम ज्यांनी हाती घेतले, त्या थोर अभियंत्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ साली त्या वेळच्या म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील संस्कृतचे पंडित होते. परंतु घरी संपत्ती नव्हती आणि वडिलांचे छत्रही लवकरच हरपले. शिकवण्या करून या मुलाने बंगळूर येथे आपले शिक्षण चालविले. १८८१ साली तो पदवीधर झाला. पुढे संस्थानची शिष्यवृत्ती मिळाल्याने तो पुण्याच्या सायन्स कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकण्यास आला आणि १८८३ साली शेवटच्या परीक्षेत पहिला आला. १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात त्याची नेमणूक झाली.

त्यांच्या नोकरीची पहिली वर्षे खानदेश व नाशिक या भागांत गेली. खानदेशातील पांझरा नदीवर फार जुने बंधारे आहेत. त्यांच्या पाण्यावर गावकरी फड पद्धतीने शेती करीत. शिवाराचे मोठमोठे फड पाडावयाचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि वर्षागणिक पिके पालटावयाची, असा तेथील रिवाज होता. पाणी देण्याचे काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याकडे असे. थोड्या पाण्यात पुष्कळांचा निर्वाह कसा होतो, हे या प्रदेशात पाहावयास मिळत असे.

१८९९ च्या सुमारास नीरा कालव्याच्या पाणीवाटपाचा प्रश्न विश्वेश्वरय्यांपुढे आला. त्या वेळी शेतकऱ्याने पाण्यासाठी अर्ज करावयाचा आणि सरकारने त्याला तेवढ्या पिकापुरता परवाना द्यावयाचा, अशी वहिवाट होती. पाऊस चांगला झाला, की अर्ज थोडे येत आणि साठविलेले पाणी वाया जाई. पावसाने डोळे वटारले, की सर्वजण एकदम पाणी मागत आणि ते कोणालाच पुरत नसे. पुढील वर्षी परवाना मिळेल की नाही, याची खात्री नसल्याने शेतकऱ्यास जमिनीच्या सुधारणेवर पैसा घालण्याचा धीर होत नसे.

याहून मोठा दोष निराळाच होता. कालव्याच्या वरच्या अंगास असलेल्या गावांत उसाचे मळे वाढत चालले होते. तेथील बागाइतदार उसाला गरजेपेक्षा अधिक पाणी देत. ते पाणी जमिनीत मुरून साचे, त्यामुळे खालचे क्षार वर येत आणि काळीभोर जमीन चोपण होऊन जाई. साचलेल्या पाण्यावर डास माजत व हिवतापाची साथ पसरे. इकडे कालव्याच्या शेवटास असलेल्या गावांचे शेतकरी कोरड्या चारीकडे पाहत बसत. एकीकडे अति पाण्याने जमीन बिघडत होती, तर दुसरीकडे पाण्यावाचून पीक करपत होते. आणि कालवा तर दोघांचा एकच!

विश्वेश्वरय्यांनी यावर जी योजना सुचविली, ती ब्लॉक पद्धत या नावाने प्रसिद्ध झाली. कालव्याचे पाणी थोड्या गावांत न कोंडता अनेक गावांस द्यावे. प्रत्येक गावात चांगल्या निचऱ्याची, योग्य जमीन निवडून तिचे मर्यादित गट, म्हणजे ब्लॉक, पाडावेत. आणि त्या गटास एका हंगामापुरता नव्हे, तर काही वर्षांकरिता पाण्याचा परवाना द्यावा, असे त्यांनी ठरविले. गटाच्या सुमारे एक तृतीयांश भागात ऊस व उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके घ्यावयाची आणि त्यांची आळीपाळीने फेरपालट करावयाची होती. अशा रीतीने पाण्याला मर्यादा पडली, पण ते मिळण्याची शाश्वतीही आली. ऊस एकाच जमिनीस चिकटून न राहता गटातल्या गटात फिरू लागला आणि जमिनीस विसावा मिळू लागला.

आज ही योजना सरळ व सोपी दिसते. परंतु त्या वेळी तिला कडाडून विरोध झाला. वरच्या गावांतील बागाइतदारांनी उसासाठी भांडवल घातले होते, गुऱ्हाळे उभारली होती. आपले पाणी काढून दुसऱ्यास देण्याचा हा घाट आहे, असे त्यांस वाटले. त्यांची धास्ती अगदीच खोटी होती, असे म्हणता येणार नाही; कारण अधिक पाणी घेणाऱ्यास आता कमी घ्यावे लागणारच होते. विश्वेश्वरय्यांनी ही गोष्ट लपविली नाही. त्यांनी शेतकऱ्यांस योजनेतील नफा-तोटा समजावून सांगितला आणि आपला आग्रह शांतपणे चालू ठेवला. हळूहळू अनुभव येत गेला, तसतसा विरोध मावळला आणि दख्खनच्या इतर कालव्यांवरही ही पद्धत सुरू झाली. १९०१ साली नेमलेल्या पाटबंधारे आयोगापुढेही त्यांनी आपले विचार मांडले.

याच सुमारास खडकवासल्याच्या धरणाच्या सांडव्यावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसविले. पाणी ठरावीक पातळीपर्यंत चढले, की ते आपोआप उघडत आणि पूर ओसरला, की आपोआप मिटत. त्यामुळे धरणाची भिंत न वाढविता साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली. या रचनेचे पेटंट त्यांच्या नावे होते. तरी सरकारी कामात तिचा उपयोग झाल्याबद्दल त्यांनी मोबदला घेतला नाही.

पुढे म्हैसूर संस्थानात जाऊन त्यांनी कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम सुरू केले आणि १९१२ ते १९१८ या काळात ते तेथील दिवाण होते. १९५५ साली भारतरत्न ही पदवी देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. वयाची शंभर वर्षे ओलांडल्यावर १९६२ साली त्यांनी देह ठेवला.

कोणतीही व्यवस्था कायमची निर्दोष राहत नाही. पुढील काळात दख्खनच्या कालव्यांवर ऊस वाढतच गेला आणि टोकाच्या गावांची तक्रार शिल्लक राहिली. २००५ साली महाराष्ट्रात नवा कायदा झाला. त्यानुसार शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थेस पाणी मोजून द्यावयाचे आणि तेवढ्या पाण्यात कोणते पीक घ्यावे, हे शेतकऱ्यांनीच ठरवावयाचे, अशी तरतूद झाली. साधने व कायदे पालटले, तरी विश्वेश्वरय्यांपुढचा प्रश्न आजही आपल्यापुढे आहे. पाटाच्या वरच्या अंगास उभ्या असलेल्या माणसाने दारे मोडताना खालच्या अंगाच्या माणसाची आठवण ठेवावी, एवढेच त्याचे उत्तर आहे. आणि ते आचरणात आणणे मात्र आजही सोपे नाही.