आत्महत्येच्या काठावरच्या बायकांसाठी सावित्रीबाईंनी घर उघडलं, आजचे थेरपिस्ट त्यातून काय शिकू शकतात?

चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावात कुणी जगण्यात आता राम उरला नाही असं बोलून गेलं, तर घरचे बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर त्याला रागावतात, नाहीतर विषय बदलतात. समुपदेशक आणि थेरपिस्ट यांच्या प्रशिक्षणात सगळ्यात आधी हीच सवय मोडायला शिकवतात. समोरच्याला उपदेश करायचा नाही, घाबरून विषय टाळायचा नाही, शांतपणे विचारायचं आणि ऐकायचं.

हे शास्त्र अलीकडचं आहे. पण महाराष्ट्रात एका बाईने त्यातलं बरंच काही दीडशे वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं. त्या म्हणजे सावित्रीबाई फुले.

सावित्रीबाई म्हटलं की आपल्याला मुलींची शाळा आठवते. ३ जानेवारी १८३१ ला साताऱ्यातल्या नायगावात जन्म, १८४० मध्ये जोतीरावांशी लग्न आणि १८४८ मध्ये पुण्यातल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा. शाळेत जाताना अंगावर पडणारं शेण आणि चिखल हेही आपण पुस्तकात वाचलेलं असतं. पण त्यांच्या कामाचा दुसरा भाग होता, आणि तो थेट जीव वाचवण्याचा होता.

त्या काळी ब्राह्मण आणि इतर काही जातींमध्ये विधवेला पुन्हा लग्न करता येत नव्हतं. १८५६ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला, पण तो कागदावरच राहिला. दहा-बारा वर्षांची मुलगीही विधवा व्हायची. केशवपन करून तिला घराच्या कोपऱ्यात ठेवलं जायचं. अशा मुलीवर घरातल्याच किंवा ओळखीतल्या पुरुषाने हात टाकला आणि दिवस गेले, तर सगळा दोष तिच्यावर यायचा. मग तिच्यापुढे दोनच वाटा उरायच्या. बाळाला मारायचं किंवा स्वतः मरायचं.

पुण्यातल्या काशीबाई नावाच्या विधवेच्या बाबतीत हेच झालं. ती जोतीरावांच्या ओळखीतल्या एका घरी स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला फसवलं. घाबरून तिने जन्मलेल्या बाळाला मारलं. खटला चालला आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्याने फसवलं, त्याचं काहीच बिघडलं नाही.

या प्रकरणाने फुले दांपत्य हादरलं. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात गंज पेठेतल्या स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. आणि एक गोष्ट केली, जी आजही शिकण्यासारखी आहे. या बायका आपल्याकडे येतील म्हणून ते वाट बघत बसले नाहीत. जिथे त्या राहायच्या, त्या ब्राह्मण वस्तीतच भिंतींवर जाहिराती लावल्या. विधवांनी इथे येऊन गुप्तपणे आणि सुरक्षितपणे बाळंत व्हावं, मूल सोबत न्यायचं की इथेच ठेवायचं ते त्यांनी ठरवावं, असा त्यांचा आशय होता.

आता हे थेरपिस्टच्या भाषेत समजून घेऊ.

पहिलं, धोका कुणाला आहे ते ओळखणं. प्रशिक्षणात शिकवतात की नुसतं दुःख बघू नका, त्या माणसाभोवतीची परिस्थिती बघा. अलीकडे मोठं नुकसान झालंय का, अपमान झालाय का, तो एकटा पडलाय का, आधी कधी प्रयत्न केलाय का? गरोदर विधवा कोणत्या कोंडीत सापडते, हे फुल्यांनी नेमकं ओळखलं होतं.

दुसरं, विषयाचं नाव घेणं. आत्महत्येबद्दल थेट विचारलं तर तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती सगळ्यांना वाटते. अभ्यास सांगतात की असं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला हायसं वाटतं. पुण्यात जे कुणी तोंडातून काढत नव्हतं, ते फुल्यांनी भिंतीवर लिहिलं.

तिसरं, न्यायनिवाडा न करणं. तिथे येणाऱ्या बायकांची बाळंतपणं आणि शुश्रूषा सावित्रीबाई स्वतः बघायच्या. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं, आणि त्या काळात त्यावरूनही बाईला टोमणे ऐकावे लागत. तरी आलेल्या बाईला त्यांनी पोटच्या मुलीसारखं वागवलं.

चौथं, सोबत न सोडणं. एकदा बोलून काम संपत नाही. पुढचे दिवस आणि आठवडे कसे जाणार, कठीण क्षणी कुणाकडे जायचं, जीव घेऊ शकणाऱ्या वस्तू हाताशी राहणार नाहीत हे कोण बघणार, याची योजना त्या माणसाच्या सोबत बसून करायची असते. याचं सगळ्यात मोठं उदाहरण सावित्रीबाईंच्या घरातच वाढलं. जीव द्यायला निघालेल्या एका गरोदर विधवेला जोतीरावांनी समजावून घरी आणलं, असं चरित्रांमध्ये सांगितलं जातं. १८७४ च्या सुमारास तिला झालेला मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. त्याचं नाव यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला.

पण सगळ्या गोष्टींचा शेवट असा गोड नव्हता. जोतीरावांनी १८८४ मध्ये सरकारला पाठवलेल्या टिपणात लिहिलं होतं की तोपर्यंत ३५ गरोदर विधवा या घरात आल्या, पण त्यांच्या मुलांपैकी फक्त पाच जिवंत होती. दिवस गेलेले लपवण्यासाठी बायकांनी आधीच औषधं घेतलेली असायची. मदत उशिरा पोचली की किती गमावतो, ते या आकड्यातून दिसतं. आजच्या थेरपिस्टनाही शिकवतात की सगळं नीट करूनही कधी कधी माणूस हातून जातो, म्हणून त्यांनी एकट्याने ओझं वाहू नये, वरिष्ठांशी बोलत राहावं.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. सावित्रीबाई थांबल्या नाहीत. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली. डॉक्टर यशवंतने हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई तिथे रुग्णांची सेवा करू लागल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्यांचं निधन झालं.

मग याचा आजच्या वऱ्हाडाशी काय संबंध? कर्ज, नापिकी आणि दारूच्या कोंडीत सापडलेल्या घरातही तीच अडचण आहे. बोलायला कुणी नाही, आणि बोललं तर लोक काय म्हणतील ही भीती. मानसोपचारतज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरात असतात, तालुक्याच्या गावाला फारसे मिळत नाहीत. त्यावर अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. बाहेरून डॉक्टर आणण्यावर अवलंबून न राहता स्थानिक कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखायला आणि आधार द्यायला शिकवलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. १८ महिन्यांत नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. तुलनेसाठी दुसरी गावं घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पाला देता येत नाही. पण शिकवलं तर गावातलाच माणूस हे काम करू शकतो, एवढं नक्की दिसलं.

कायदाही बदललाय. काशीबाईला काळं पाणी मिळालं होतं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानावं आणि सरकारने त्याला उपचार द्यावेत.

सावित्रीबाईंकडे कुठली पदवी नव्हती, कुठला फॉर्म नव्हता. तरी बाई दारात आली की आधी तिला आत घ्यायचं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. प्रशिक्षणाची गरज बाकीच्यांना आहे, कारण आपली पहिली प्रतिक्रिया अजूनही दार लावून घेण्याची असते.

तुम्हाला किंवा तुमच्या ओळखीत कुणाला असे विचार येत असतील, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कधीही फोन करा. आणि कुणी तुमच्याशी बोलायला आलं, तर त्याला एकटं सोडू नका.