बिनतारी विद्येचा आद्य साधक

दिवसभराचे काम आटोपून लोणारच्या शिवारातील शेतकरी रेडिओवर हवामानाचा अंदाज ऐकतो. मध्ये तार नाही, खांब नाही. तरीही शेकडो कोसांवरचे बोल त्याच्या कानी पडतात! या विद्येचा पाया ज्यांनी घातला, त्यांत आपल्या देशातील जगदीशचंद्र बसू हे एक होते.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमधील मैमनसिंग येथे झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. तथापि मुलाने प्रथम मातृभाषेतूनच शिकावे, म्हणून त्यांनी त्याला बंगाली शाळेत घातले. तेथे कोळ्याच्या मुलाशेजारी बसून जलचरांच्या गोष्टी ऐकताना त्याचे कुतूहल जागे झाले.

इंग्लंडमधील शिक्षण पुरे करून १८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. परंतु त्यांना गोऱ्या प्राध्यापकांहून कमी वेतन देऊ करण्यात आले. तीन वर्षे त्यांनी त्या वेतनाला स्पर्श केला नाही; मात्र अध्यापनात कधी कसूर केली नाही. अखेर सरकारला त्यांचे पूर्ण वेतन मागील बाकीसह द्यावे लागले.

कॉलेजात संशोधनाची सोय नव्हती. तेव्हा स्वतःचे पैसे खर्चून त्यांनी एका स्थानिक कारागिराकडून उपकरणे घडवून घेतली आणि अवघ्या ५ मिलिमीटर लांबीच्या विद्युत-लहरी निर्माण केल्या. १८९५ साली कलकत्त्यात लोकांसमक्ष या लहरी भिंतीपलीकडे गेल्या, त्यांनी घंटा वाजवली आणि दारूही पेटवली!

अदृश्य लहरी टिपण्यासाठी त्यांनी लोखंड व पारा यांचे एक साधन तयार केले व १८९९ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. १९०१ साली मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापलीकडून आलेला संदेश टिपला, तोही याच जातीच्या साधनाने. ज्ञान विकू नये, असे जगदीशचंद्रांचे मत होते. स्नेह्यांच्या आग्रहावरून शिशाच्या खनिज-स्फटिकाच्या साधनाचे एक पेटंट त्यांनी घेतले, ते १९०४ साली अमेरिकेत मंजूर झाले. पण त्याचा व्यापार त्यांनी केला नाही. १९०९ चे नोबेल पारितोषिक मार्कोनी व ब्राउन यांना मिळाले; बसूंचे कार्य मागे पडले.

पुढे वनस्पतींच्या संवेदनांचा अभ्यास करीत त्यांनी १९१७ साली कलकत्त्यात संशोधन-मंदिर उभारले. १९२७ साली मुंबईत आकाशवाणी केंद्र सुरू झाले, त्या काळी स्फटिकावर चालणारे साधे रेडिओ वापरात होते. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी बसूंचे निधन झाले. पुढे २०१२ साली विद्युत-अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने त्यांच्या लहरींवरील प्रयोगांचा गौरव केला. मान मिळण्यास विलंब झाला. पण त्यांनी दाखवलेली वाट कधी पुसली गेली नाही.