बैठकीच्या वेळेचा हिशेब

बैठक लांबली की दोष घड्याळाला दिला जातो. कोलंबिया व लंडन येथे अर्थशास्त्र शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे (१८९१–१९५६) चरित्र निराळा हिशेब मांडते. सात सदस्यांच्या घटना मसुदा समितीतील कोणी राजीनामा दिला, कोणी निवर्तले, कोणी दूर राहिले. प्रकृती ढासळलेली असूनही भार मुख्यतः अध्यक्ष या नात्याने त्यांनीच वाहिला. समिती १४१ दिवस बसली. विलंबाच्या आक्षेपाला त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी आकड्यांनी उत्तर दिले: ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या, पैकी २,४७३ मांडल्या गेल्या. १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले, तेच मिलिंद. येथील कार्यालयांनी एवढे ध्यानी घ्यावे: गैरहजर राहणारा आपला वेळ वाचवितो, त्याची किंमत हजर असणारा मोजतो.