न्यायमूर्ती रानडे : कर्जबाजारी शेतकऱ्याची बाजू ऐकली जातेय का, हे तपासत फिरलेला न्यायाधीश

तारीख १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. हे लोण बघता बघता नगर जिल्ह्यात पोचलं. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

या दंग्यांतली विशेष गोष्ट म्हणजे शेतकऱ्यांना हवे होते ते कागद. कर्जरोखे, खतं, कोर्टाचे हुकूमनामे. जे हाती लागलं ते त्यांनी जाळलं.

त्या वेळी पुण्यात एक तरुण न्यायाधीश दिवाणी कोर्टात काम करत होता. नाव महादेव गोविंद रानडे. समाजसुधारक म्हणून आपण त्यांना ओळखतो, काँग्रेसच्या सुरुवातीच्या नेत्यांत त्यांचं नाव घेतो. पण गरीब माणसाला दिवाणी कोर्टात न्याय मिळतो का, या प्रश्नावर त्यांनी केलेलं काम फारसं सांगितलं जात नाही.

शेतकऱ्यांचा राग कागदांवर का होता?

१८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांत लावणं भाग होतं. त्यामुळे दर तीन वर्षांनी सावकार जुनं मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घ्यायचा. मूळ कर्ज किती होतं, हे कागदावर दिसायचंच नाही. वाचता न येणारा शेतकरी अंगठा उठवायचा.

त्यात अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं आणि चढलेले कापसाचे भाव कोसळले. नव्या पाहणीत शेतसारा वाढला. कर्ज फिटेना.

मग सावकार कोर्टात जायचा. तालुक्याच्या गावी जायचं तर दिवस मोडतो, वकिलाला पैसे लागतात, म्हणून शेतकरी बहुतेकदा जायचाच नाही. एकतर्फी हुकूमनामा व्हायचा. त्यावर जमीन जप्त व्हायची, नाहीतर शेतकऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकता यायचं.

गरिबांसाठी सोय अजिबात नव्हती असं नाही. १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया कायद्यात निर्धन माणसाला स्टॅम्प न भरता दावा लावता येत होता. पण ही सवलत दावा लावणाऱ्यासाठी होती. आपला शेतकरी तर प्रतिवादी होता. त्याला स्टॅम्पची माफी नको होती, त्याला बाजू मांडणारा माणूस हवा होता.

रानडे इथं कसे पोचले?

१८ जानेवारी १८४२ ला निफाडमध्ये त्यांचा जन्म झाला. बालपण कोल्हापूरला गेलं, शिक्षण मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये झालं. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. १८६६ मध्ये ते कायद्याची पदवी परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८७१ मध्ये न्यायाधीश म्हणून पुण्यात आले.

पुण्यात गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका यांनी १८७० मध्ये सार्वजनिक सभा सुरू केली होती. कोर्टाचा खर्च टाळून तंटे मिटावेत म्हणून काकांनी लवाद न्यायालयाचा प्रयोगही केला. रानडे सरकारी नोकर असल्यानं पडद्यामागून सभेचं काम करायचे. सभेच्या त्रैमासिकातले कितीतरी लेख त्यांचेच असत, त्यावर नाव नसे. शेतकरी, कर्ज आणि सारा हे त्यांचे नेहमीचे विषय.

याची किंमतही त्यांना मोजावी लागली. १८७८ मध्ये नाशिकला आणि १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या काळात, धुळ्याला बदली झाली. सरकारचा त्यांच्यावर संशय होता.

आणि १८७९ चा कायदा आला

दंग्यांच्या चौकशीनंतर सरकारनं 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' केला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी.

या कायद्यानं काय बदललं?

- न्यायाधीशानं नुसता रोखा बघून निकाल द्यायचा नाही, कर्जाचा पहिल्यापासूनचा हिशेब तपासायचा.
- पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही.
- दावा लावण्याआधी तडजोडीचा प्रयत्न करायचा.
- किरकोळ दावे ऐकायला गावपातळीवर मुन्सफ नेमायचे.

याच कायद्यात आणखी एक छोटं कलम होतं. समोरच्या बाजूला वकील असेल आणि शेतकऱ्याची वकील करायची ऐपत नसेल, तर कोर्ट सरकारी वकिलाला किंवा दुसऱ्या योग्य माणसाला शेतकऱ्याच्या बाजूनं उभं राहायला सांगू शकत होतं. थोडक्यात, दिवाणी दाव्यात गरिबाला मोफत वकील. तेही १८७९ मध्ये!

कायदा झाला, पण पाळतंय कोण?

रानडेंचं खरं काम इथून सुरू झालं. १८८१ मध्ये या कायद्याखाली पुणे आणि सातारा भागातल्या कोर्टांच्या तपासणीचं काम त्यांच्याकडे आलं. पुढे ते या कायद्याचे विशेष न्यायाधीश झाले आणि चारही जिल्हे त्यांच्या देखरेखीखाली आले.

या कायद्याखालच्या बऱ्याच दाव्यांत अपील नव्हतं. म्हणजे खालच्या कोर्टानं चूक केली, तर ती पकडणारा विशेष न्यायाधीशच. त्यामुळे गावोगाव मुक्काम करायचा, खालच्या कोर्टांची आणि गावच्या मुन्सफांची दप्तरं उघडायची, निकाल तपासायचे, चुकीचे असतील तर दुरुस्त करायचे, असं हे काम होतं. या फिरतीत पत्नी रमाबाईही अनेकदा सोबत असत.

कायद्यानं सगळं सुटलं नाही. काही सावकारांनी पळवाट काढली आणि कर्ज देतानाच जमिनीचं खरेदीखत लिहून घेऊ लागले. मोफत वकील देणंही न्यायाधीशाच्या मर्जीवर होतं. तो शेतकऱ्याचा हक्क नव्हता.

१८९३ मध्ये रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १६ जानेवारी १९०१ ला त्यांचं निधन झालं.

मग हक्क कधी मिळाला?

१९७६ च्या घटनादुरुस्तीनं मोफत कायदेशीर मदतीचं कलम ३९-अ राज्यघटनेत आलं. १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो लागू झाला. आज जमीन, भाडं, पोटगी, वारसा अशा दिवाणी प्रकरणांतही मोफत वकील मिळतो, कोर्ट फीचा भारही प्राधिकरण उचलतं. आणि दावा तुम्ही लावलेला असो की तुमच्यावर लागलेला असो, अर्ज करता येतो.

महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी राज्य सरकारनं ठरवलेली उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज तालुका किंवा जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात करायचा. हेल्पलाइन नंबर आहे १५१००.

तेव्हा कोर्टाची नोटीस आली आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत, म्हणून तारीख चुकवू नका. एकतर्फी निकाल आजही लागतात.